काशीला नेलेले खारे पाणी

कणकवलीच्या फलाटावर मे महिन्यातल्या एका दुपारी मी दोन्ही हातांनी एक थर्मास छातीशी धरून उभी होते. बाकीचे सामान भावाने उचलले होते. थर्मास मात्र मी कोणाच्या हाती दिला नव्हता. त्यात त्याच दिवशी सकाळी कोळंबच्या खाडीच्या मुखाशी भरून घेतलेले समुद्राचे पाणी होते. पाणी उन्हाने तापू नये म्हणून आईने त्यावर ओला पंचा गुंडाळला होता आणि मालवणहून येताना वाटेत दोनदा गाडी थांबवायला लावून तो पुन्हा भिजवला होता. गाडीची घोषणा झाली तसे ती शेजारच्या बाकावरच्या अनोळखी बाईकडे वळून, पण मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लोक काशीसून गंगा हाडतत, आणि ह्या बघा, हयचा खारा पाणी काशीक नेता."

बाई हसल्या, भाऊही हसला. मी सवयीने मान खाली घातली. गाडी हलली तेव्हा आई खिडकीशी चार पावले चालत आली आणि माझ्या प्रकृतीविषयी एक अक्षर न बोलता म्हणाली, "उन्हात ठेवू नको हां तेका."

गावाकडच्या पुष्कळ माणसांनी मला पुढे विचारले की समुद्र सोडून काशीला गेलेल्या बाईने समुद्राचा अभ्यास करण्यात काय अर्थ आहे. प्रत्यक्ष भेटीत मला उत्तर नीट देता येत नाही. बोलण्याची भीड मला लहानपणापासून आहे. म्हणून हे लिहिते आहे. तुमच्यासाठी, आणि माझ्यासारखे जे दूर जाऊन राहिले त्यांच्यासाठीही.

त्या फलाटावरून निघणे हे माझे दुसरे निघणे होते. पहिल्यांदा मी गेले ती यजमानांच्या बँकेच्या बदलीमागून. कनिष्ठ महाविद्यालयातली जीवशास्त्राची नोकरी सोडली, मुलीला पुण्याच्या वसतिगृहात पोचवले आणि वाराणसीत दुर्गाघाटामागच्या गल्लीत दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटले. त्या जाण्यात माझे असे काही नव्हते. भाजीवाल्याशी हिंदीत बोलायला धीर होत नसे, म्हणून कितीतरी दिवस मी बोट दाखवून भाजी घेतली. घरमालकीण सुमतीकाकू मूळच्या महाराष्ट्रातल्या भिक्षुकी घराण्यातल्या, त्यांचे पूर्वज इतक्या पिढ्यांपूर्वी इथे आले, की मूळ गाव विचारले तर त्या सहज सांगत, "कोकणात कुठे तरी होतं म्हणतात. आम्ही तर इथलेच." त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी असे आणि ती त्यांना शोभत असे. "सुनंदा, तू इतकी पढलेली, आणि दिवसभर घरात बसून राहतेस, ऊब नाही येत तुला?" असे त्यांनी एकदा विचारले. ऊब म्हणजे कंटाळा हे मला नंतर कळले. पण प्रश्न तेव्हाच कळला होता.

इथल्या विद्यापीठात संशोधनासाठी अर्ज करावा हे मात्र यजमानांनी सुचवले. प्रवेशपरीक्षेच्या दालनात माझ्या शेजारी बसलेली मुलगी माझ्या लेकीहून वर्षा-दोन वर्षांनीच मोठी असेल. पर्यवेक्षकांनी मला पालक समजून बाहेर थांबण्याची विनंती केली. मी प्रवेशपत्र पुढे केले; ते ओशाळले आणि मीही ओशाळले. मुलाखतीत मिश्रा सरांनी, जे पुढे माझे मार्गदर्शक झाले, विचारले की इतक्या उशिरा का. मी प्रमाणपत्रांची फाईल पुढे सरकवली. त्यांनी तो प्रश्न सोडून दिला आणि विषय विचारला. त्यांची प्रयोगशाळा नदीतल्या शैवालांवर काम करत असे. मला समुद्री सूक्ष्मशैवाल हवे होते. बालपण ज्या पाण्याकाठी गेले त्यात डोळ्यांना न दिसणारे काय चालले आहे, हे मला एकदा तरी समजून घ्यायचे होते.

"समुंदर कहाँ से लाइएगा?" सरांनी विचारले.

मी म्हणाले, "घर से, सर."

थर्मास आला तो असा.

त्या पाण्यातून मी डायटम नावाच्या एकपेशीय शैवालाचा एक वाण वेगळा काढला. डायटम म्हणजे काचेच्या डबीत राहणारा जीव. वाळूतली असते तीच सिलिका पाण्यातून घेऊन तो स्वतःभोवती नक्षीदार कवच रचतो. थर्मासातले मूळचे पाणी लवकरच संपले. नंतरचा समुद्र मी क्षार तोलून, विरघळवून स्वतः करू लागले. फ्लास्क भरत आले की त्यांना सोनेरी तपकिरी रंग चढे. सुमतीकाकूंनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. त्यांनी हट्टच धरला, तेव्हा एका दुपारी मी त्यांना रिक्षाने प्रयोगशाळेत नेले. एक फ्लास्क हातात घेऊन, खिडकीच्या उजेडाकडे धरून त्यांनी तो निरखून पाहिला. "हा तुमचा समुद्र?" त्या म्हणाल्या. "हा तर चाय आहे." दुसऱ्या दिवसापासून प्रयोगशाळेतली मुले माझ्या कामाला दीदीची चहाची टपरी म्हणू लागली.

माझे काम नेमके काय, हे आता सांगते. कठीण नाही. हवेतल्या आणि पाण्यातल्या कार्बनचे बहुतेक अणू हलके असतात आणि फार थोडे किंचित जड. शैवाल प्रकाशात कार्बन डायऑक्साइड घेऊन आपले शरीर घडवते, आणि ज्या एन्झाइमने ते हे करते त्याचा कल हलक्या कार्बनकडे असतो. म्हणून शैवालाच्या शरीरातला कार्बन भोवतीच्या पाण्यातल्या कार्बनपेक्षा हलका निघतो. किती हलका, हे त्याला निवडीला वाव किती होता यावर ठरते. मालवणच्या बंदरावर मासळीचा लिलाव ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. भरपूर मासळी आली की आमच्या बायका कल्ले उघडून, चार टोपल्या नाकारून पाचवी घेतात. मासळी तुटपुंजी असली की समोर येईल ते पदरात घेऊन वाटेला लागतात. शैवालाचेही तसेच आहे. कार्बन डायऑक्साइड मुबलक असेल तर ते चोखंदळ होते; कमी पडला तर जड-हलके पाहत बसत नाही, शिवाय पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेटही ओढून घेऊ लागते. कोळंबच्या खाडीतले माझे डायटम केव्हा किती चोखंदळ होते, हे मोजणे हा माझा विषय. जुन्या समुद्रांच्या गाळात अशाच जीवांचे अवशेष सापडतात आणि त्यांच्यावरून त्या काळच्या हवेचा अंदाज बांधतात. म्हणून हे मोजमाप अचूक असावे लागते.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वाढवलेल्या शैवालाची मापे अपेक्षेप्रमाणे आली. मग हिवाळा आला.

कोकणातल्या माणसाला वाराणसीचा हिवाळा सांगून समजणार नाही. दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही, गंगेपलीकडचे रामनगर धुक्यात नाहीसे होते, आणि दगडी इमारती आतून इतक्या गारठतात की बाहेर उभे राहणे बरे वाटते. आमच्या विभागात एकच खोली सुखाची होती आणि ती माझी होती. शैवालासाठी तिचे तापमान वर्षभर एकसारखे राखलेले असे, दिव्यांचा प्रकाश असे, दार घट्ट लागत असे. गाझीपूरची श्वेता प्रथम आली. तिला प्रबंधाचे प्रकरण लिहायचे होते आणि बोटे वळत नव्हती. मग बलियाचा अनुराग आला, मग त्यांचे मित्र. कोणी खाली बसे, कोणी फळीला टेकून उभा राही. इथे हिवाळ्यात हिरवे वाटाणे घालून पोह्यांचा चूडा-मटर करतात. मी आपले कांदेपोहे डब्यातून नेऊ लागले, आणि दारापाशी उभे राहून त्या दोहोंत श्रेष्ठ काय यावर वाद झडू लागले. अनुराग म्हणे, "दीदी, यह कमरा नहीं, स्वर्ग है. किराया लगाइए हम लोगों पर." मला त्यांच्या बोलण्यात शिरता येत नसे, पण माझ्या फ्लास्कांमध्ये उभी राहून मी ऐकत असे. या शहरात आल्यापासून प्रथमच मी कुठल्या तरी ठिकाणची झाले होते. ती खोली माझी होती आणि तिथे माणसे माझ्याकडे येत होती.

हिवाळ्यात एकेका वेळी वाढवलेल्या शैवालाच्या पहिल्या काही तुकड्यांची मापे दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेतून आली तेव्हा मी आकडे पुन:पुन्हा वाचले. शैवाल इतके हलके निघाले होते, की ते कार्बनची निवड कोणत्याही डायटमला शक्य नाही एवढ्या काटेकोरपणे करत आहे असा अर्थ व्हावा. सरांनी कागद टेबलावर ठेवला. नमुने हाताळताना काही तरी मिसळले असावे, हिवाळ्याच्या तुकड्या वगळा आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा करा, असे ते सौम्यपणे म्हणाले.

पुढचा हिवाळा माझ्याजवळ नव्हता. यजमानांच्या बदलीचा हुकूम त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीस यायचा होता. हिवाळ्याचे काम बाद झाले असते तर प्रबंधाचा कणाच गेला असता, आणि बिऱ्हाड बांधून मी जशी आले तशी, दुसऱ्याच्या बदलीमागून, निघून गेले असते. मुलाखतीतल्या त्या प्रश्नाला तेच उत्तर ठरले असते.

मग मापांच्या एका पाकिटाने मला थांबवले. थंडीच्या लाटेमुळे मध्यंतरी विभाग काही दिवस बंद होता. शैवालाला सुट्टी नसते. पहारेकऱ्याची परवानगी काढून मी रोज एकटी जाऊन फ्लास्क पाहून येत असे. त्या दिवसांत वाढलेल्या तुकडीची मापे आली आणि ती उन्हाळ्यासारखीच होती. दिवे तेच, क्षार तेच, तापमान तेच, हातही माझेच. माझ्या हातून काही मिसळत असते तर त्या तुकडीतही मिसळले असते.

आकडे हातात घेऊन मी खोलीत गेले. तिथे नेहमीप्रमाणे पाच-सहाजण होते. श्वेताने सरकून मला जागा दिली आणि मी बसता बसता खिडकीकडे पाहिले. काच आतून पांढरी झाली होती; कोणी तरी बोटाने तिच्यावर एक मासा काढला होता आणि त्याच्या शेपटीवरून पाणी ओघळत होते. विभाग बंद होता त्या दिवसांत ती काच स्वच्छ असे. मला ते नक्की आठवत होते, कारण तिच्यातून धुक्यातले आंब्याचे झाड पाहत मी उभी राहत असे.

काचेवर होता तो आमचा श्वास होता. आणि फ्लास्कांत हवा सोडणारे पंप खोलीतलीच हवा घेत होते.

माणूस जे खातो त्याचाच कार्बन श्वासातून बाहेर टाकतो. गहू, तांदूळ, डाळ या वनस्पतींनीही हवेतून हलका कार्बन निवडून घेतलेला असतो. म्हणून आपला श्वास बाहेरच्या हवेपेक्षा हलका असतो, आणि त्यात कार्बन डायऑक्साइडही भरपूर. माझे डायटम सबंध हिवाळाभर आमच्या गप्पांवर वाढले होते. हिशेब करताना मी मात्र त्यांना बाहेरची हवा मिळते असे धरून चालले होते. शैवालाचे काही चुकले नव्हते. त्याला काय वाढून ठेवले आहे हे आम्ही पाहिले नव्हते.

हे सिद्ध करण्याचा मार्ग होता. प्रत्येक तुकडीचे थोडे पाणी मी कुप्यांत हवाबंद करून ठेवले होते. शैवालानंतर पाण्याचेही माप व्हायचे होते, पण यंत्रावर पाळी महाग आणि दुर्मीळ. हिवाळ्याचे काम वगळायचे ठरल्यावर सरांनी त्या कुप्यांची पाळी दुसऱ्या विद्यार्थ्याला देऊन टाकली होती. ती परत मागायला हवी होती. शिवाय कारण सांगायचे म्हणजे त्या मुलांकडे बोट दाखवायचे. ज्या माणसांनी मला दीदी केले त्यांना गारठ्यात बाहेर घालवायचे.

दुसऱ्या दिवशी प्रगतीचे चर्चासत्र होते. आमचे अण्णा, माझे वडील, मला शाळेत सोडायला येत तेव्हा फाटकापाशी एकच सांगत: "विचारूची लाज वाटली तरी विचार. न विचारता इलंस तर घराकडे येवन जास्त लाज वाटतली." अण्णांना जाऊन पुष्कळ वर्षे झाली. त्या सकाळी विभागाच्या जिन्यावर मी ते वाक्य मनात त्यांच्याच आवाजात म्हणून पाहिले.

पडद्यावर हिवाळ्याचे आकडे आले तेव्हा सर म्हणाले की ही तुकडी आपण वगळत आहोत, पुढे चला. मी पुढे गेले नाही. माझी हिंदी अशा वेळी तुटते. तुटक्या हिंदीतच मी काचेविषयी सांगितले, बंदच्या दिवसांतल्या तुकडीविषयी सांगितले, पंपांविषयी सांगितले. मग जे सांगायचे होते ते म्हणाले.

"सर, शैवाल ने गलती नहीं की है. उसने वही लिया जो हमने दिया. पानी की शीशियाँ भेज दीजिए."

मागच्या रांगेतून अनुरागचा आवाज आला, "मतलब दीदी की थीसिस में हम लोगों की साँस घुसी हुई है?" सगळे हसले. मला वाटले, झाले, मी त्यांना दुखावले. पण तोच उभा राहून म्हणाला की सर, आम्ही सारा हिवाळा तिथेच होतो, लिहून देतो.

सर हसले नव्हते. ते पडद्याकडे पाहत राहिले, मग चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे पाहिले. "पानी भी हल्का निकला तो आप सही. नहीं निकला तो?"

"तो सर्दियों का पूरा काम हटा दीजिए, सर."

कुप्या गेल्या. उत्तर येईपर्यंत मी खिडकीच्या चौकटीतून एक नळी गच्चीवर नेली आणि पंपांना बाहेरची हवा जोडली. गच्चीवरच्या हवेचेही नमुने घेऊ लागले, कारण आसपास पालापाचोळा जळत असे आणि त्याच्या धुरातला कार्बनही हलकाच. फ्लास्कांची बुचे घट्ट केली. आता खोलीत कोणी बसले तरी फारसे बिघडणार नव्हते, पण मुले येईनात. दाराबाहेर अनुरागने मोठ्या अक्षरांत एक कागद चिकटवला होता: "यहाँ साँस लेना मना है." आत मी एकटी होते. काच स्वच्छ होती आणि मला ती आवडत नव्हती.

पाण्याची मापे आली त्या दिवशी सरांनी मला बोलावून घेतले नाही. तेच खोलीकडे आले, दारावरचा कागद वाचला आणि आत येण्यापूर्वी गमतीने एक खोल श्वास घेऊन रोखून धरला. पाणी हलके निघाले होते. तुकडीगणिक, शैवाल जितके हलक्या बाजूला घसरले होते जवळजवळ तितकेच त्याचे पाणीही घसरले होते. जो थोडा फरक उरला तो अपेक्षित दिशेनेच होता: आमच्या श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड मुबलक झाला होता आणि माझे डायटम खरोखरच थोडे अधिक चोखंदळ झाले होते. बाद व्हायचा तो हिवाळा माझ्या प्रबंधातले सर्वांत भक्कम प्रकरण झाला.

जाताना सर म्हणाले की ज्वारी, बाजरी या पिकांतला कार्बन गहू-तांदळापेक्षा बराच जड असतो. तुम्ही महाराष्ट्रातले लोक, या सगळ्यांना रोज भाकरी घातली असती तर एवढा गोंधळ झाला नसता. मी म्हटले, "सर, हम कोंकण के हैं. हम भी चावल ही खाते हैं." माझ्या तोंडून त्यांच्यासमोर निघालेला तो पहिला विनोद. ते जिना उतरेपर्यंत हसत होते.

त्याच संध्याकाळी मुले परत आली. डब्यात चूडा-मटर होता, आणि दारापाशी उभे राहून तो खाताना मी मान्य केले की हिवाळ्यात तोच श्रेष्ठ.

बदलीचा हुकूम आला, नाशिकचा. यजमानांनी मला काही विचारले नाही. त्यांनी एकट्याचीच बॅग भरायला घेतली आणि माझ्या स्वेटरांना हात लावला नाही. त्यांच्या त्या न विचारण्याचा मला अजून अभिमान वाटतो. सुमतीकाकू म्हणाल्या, "नवरा चालला आणि तू थांबतेस? बढिया." वाराणसीच्या फलाटावर गाडी सुटली तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी निरोप देणाऱ्यांच्या बाजूला उभी होते. आई खिडकीबरोबर चार पावले का चालली, हे तेव्हा समजले. मीही चालले.

प्रबंध आता पूर्ण झाला आहे. त्याच्या आभाराच्या पानावर श्वेताचे आणि अनुरागचे नाव श्वासासाठी घातले आहे. सरांनी ते खोडले नाही. दारावरचा कागदही कोणी काढला नाही. सगळे फ्लास्क गच्चीवरची हवा घेतात, एक सोडून. तो मी तुलनेसाठी म्हणून खोलीच्या हवेवर ठेवला आहे, आणि तुलनेचे काम संपल्यावरही बंद केला नाही.

तुम्ही विचारता, आता घर कोणते. त्या फ्लास्कातल्या डायटमांच्या इतक्या पिढ्या उलटल्या आहेत, की कोळंबच्या खाडीतला कार्बन त्यांच्यात शोधूनही सापडायचा नाही. त्यांचे शरीर इथल्या गव्हाचे, इथल्या वाटाण्याचे, श्वेता आणि अनुराग आणि माझ्या बोलण्याचे आहे. पण सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवली की कवचावरची नक्षी दिसते. रेघा त्याच, छिद्रांच्या रांगा त्याच, खाडीच्या मुखाशी आज सकाळी पाणी भरले तर त्यात दिसतील अगदी तशाच. घराविषयी याहून नेमके मला काही सांगता येत नाही, आणि याहून अधिक सांगायची गरजही आता वाटत नाही.

आई आताशा फोनवर फार बोलत नाही. ऐकू कमी येते. प्रबंध, पदवी यांविषयी तिला भावाने सांगितले आहे. तिने ते ऐकून घेतले, आणि मला विचारले ते एवढेच.

"ता पाणी जिता आसा मा?"

मी फ्लास्क उजेडात धरला होता. तो चहासारखा दिसत होता.

"आसा, आई," मी म्हटले. "जिता आसा."